मताचा हक्क आधी, नागरिकत्व नंतर

ब्रिटिश नागरिकत्व मिळवण्यासाठी 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा द्यावी लागते, हे इथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींना ठाऊक असते. मात्र ती कायम वास्तव्याच्या, म्हणजे आयएलआरच्या, अर्जालाच लागते आणि एकदा उत्तीर्ण झाल्यावर नागरिकत्वाच्या अर्जासाठी पुन्हा द्यावी लागत नाही, हे अनेकांना बरेच उशिरा कळते. नागरिकत्वासाठी ही परीक्षा २००५ मध्ये सुरू झाली आणि २००७ पासून ती कायम वास्तव्यासाठीही सक्तीची झाली. १८ ते ६४ या वयोगटातील अर्जदाराला ४५ मिनिटांत संगणकावर २४ प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांपैकी किमान १८ उत्तरे बरोबर यावी लागतात. मी दिली तेव्हा शुल्क ५० पौंड होते. प्रश्न सरकारने नेमून दिलेल्या एकाच पुस्तिकेतून येतात, त्यामुळे अभ्यासाला निश्चित मर्यादा असते आणि थोड्या चिकाटीने कोणीही उत्तीर्ण होऊ शकते. तरीही मला हा अभ्यास केवळ उत्तीर्ण होण्यापुरता करायचा नव्हता, आणि त्याला एक कारण होते.

मी भारतीय पासपोर्टवर या देशात आले, लंडनच्या वायव्य उपनगरात भाड्याच्या घरात राहू लागले, आणि काही काळातच काउन्सिलचे पत्र आले. घरात राहणाऱ्यांपैकी मतदार यादीत कोणाकोणाची नावे घालावीत, अशी त्यात विचारणा होती. आपण परदेशी नागरिक असल्यामुळे हे पत्र आपल्यासाठी नसावे असे मला वाटले, पण सोबतचा मजकूर स्पष्ट होता. राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक इथे कायदेशीररीत्या राहतात, त्यांना स्थानिक निवडणुकीतच नव्हे तर संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. ही तरतूद साम्राज्याच्या काळातून आलेली आहे. त्या वेळी मुंबईत जन्मलेला आणि मँचेस्टरमध्ये जन्मलेला असे दोघेही कायद्याच्या दृष्टीने एकाच राजसत्तेचे प्रजाजन होते. साम्राज्य संपले, प्रजाजन निरनिराळ्या देशांचे नागरिक झाले, पण इथे राहणाऱ्यांचा मताचा हक्क कायद्यात तसाच ठेवला गेला. त्यामुळे ४ जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मी भारतीय नागरिक म्हणून ब्रिटनच्या संसदेसाठी मतदान केले. मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवण्याचा नियम इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून लागू झाला आहे आणि मान्य कागदपत्रांत राष्ट्रकुल देशांचे पासपोर्टही आहेत. टेबलामागच्या बाईंनी माझा अशोकस्तंभ असलेला निळा पासपोर्ट उघडून चेहरा पडताळला, छापील यादीतल्या माझ्या नावावर पट्टी ठेवून रेघ ओढली आणि मतपत्रिका हातात दिली. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती, तिने नावासमोर फुली मारायची, घडी घालायची आणि काळ्या पेटीत टाकायची. बोटाला शाई नव्हती, यंत्राचा आवाज नव्हता. मत मोलाचे होते याची जाणीव मात्र तितकीच होती.

हा हक्क मला न मागता मिळाला होता, आणि तो इथल्या लोकांना कसा मिळाला हे मला ठाऊक नव्हते. पुस्तिकेतला इतिहासाचा भाग अश्मयुगापासून सुरू होतो आणि आपल्या काळापर्यंत येतो. रोमन सैन्य, व्हायकिंग, १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई, आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, १५८८ चे स्पॅनिश आरमार अशी नावे आणि सनावळ्या एकामागून एक येत राहतात. ओळखीची मंडळी मोबाइलवरच्या सराव परीक्षा पुन्हा पुन्हा सोडवून त्या पाठ करतात. त्या मार्गाने गुण मिळतात यात शंका नाही. मी मात्र सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती वाचायचे ठरवले : या देशात सत्तेला कोणी, केव्हा आणि कसा आवर घातला, आणि मत देण्याचा अधिकार कोणाकोणाला कधी मिळाला. असे वाचू लागल्यावर सुटी वाटणारी सालेही एका सूत्रात येऊ लागली.

१२१५ चा मॅग्ना कार्टा हा जनतेचा जाहीरनामा नव्हता. राजाने मनमानी कर लादू नयेत आणि कायद्याशिवाय कोणाला तुरुंगात टाकू नये, हे सरदारांनी जॉन राजाकडून कबूल करून घेतले होते. त्यात सामान्य शेतकऱ्याला तत्काळ फारसे काही मिळाले नाही, परंतु राजासुद्धा कायद्याखाली येतो ही कल्पना एकदा कागदावर उतरली ती पुन्हा पुसली गेली नाही. १६४२ मध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले, १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, १६६० मध्ये राजेशाही परत आली. १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा, म्हणजे कैदेत ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारा कायदा, वाचताना मी थबकले, कारण उच्च न्यायालयात 'हेबियस कॉर्पस'ची याचिका दाखल झाल्याच्या बातम्या मी मराठी वर्तमानपत्रांत लहानपणापासून वाचत आले आहे. पुढे १६८९ च्या बिल ऑफ राइट्सने संसदेच्या संमतीशिवाय कर बसवणे आणि शांततेच्या काळात खडे सैन्य बाळगणे हे राजाच्या अधिकाराबाहेर नेले. एवढे सगळे होऊनही मत देणारे मूठभरच राहिले. सॉल्झबरीजवळचे ओल्ड सारम हे जवळजवळ ओसाड झालेले ठिकाण १८३२ पर्यंत संसदेत दोन सभासद पाठवत असे, आणि कापड गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला त्याच काळात स्वतःचा एकही सभासद नव्हता.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने ही विसंगती पुष्कळ अंशी दूर केली, पण मत मालमत्तेलाच बांधलेले राहिले. त्यानंतर उभे राहिलेल्या चार्टिस्ट चळवळीबद्दल मला विशेष आदर वाटतो. प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, समान आकाराचे मतदारसंघ, सभासद होण्यासाठी मालमत्तेची अट नसणे, सभासदांना वेतन आणि दरवर्षी निवडणूक, अशा त्यांच्या सहा मागण्या होत्या. लाखो सह्यांचे अर्ज संसदेने फेटाळले आणि चळवळ त्या वेळी हरली असेच सर्वांना वाटले. पुढे गुप्त मतदान १८७२ मध्ये आले, सभासदांना वेतन १९११ मध्ये मिळू लागले, आणि १९१८ पर्यंत वार्षिक निवडणूक सोडून बाकीच्या मागण्या देशाने स्वीकारलेल्या होत्या. स्त्रियांची गोष्ट याहून कठीण होती. एमलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेच्या स्त्रिया तुरुंगात गेल्या, त्यांनी उपोषणे केली. त्या लढ्यात पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांची कन्या सोफिया ही राजकन्याही होती, आणि १८ नोव्हेंबर १९१० रोजी संसदेवर गेलेल्या ज्या शिष्टमंडळाला पोलिसांनी झोडपले त्यात ती पुढे होती. १९१८ मध्ये तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मत मिळाले, आणि पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मत मिळायला १९२८ साल उजाडले. अठराव्या वर्षीचे मत १९६९ च्या कायद्याने आले.

परीक्षेला एवढे पुरते, पण मी याच्या थोडी पुढे गेले, आणि मला जे सापडले ते प्रत्येक मराठी वाचकाला सांगावेसे वाटते. १९२८ नंतरही ब्रिटनमध्ये काही माणसांना दोन मते होती. विद्यापीठाचा पदवीधर आपल्या राहत्या मतदारसंघात एक आणि विद्यापीठाच्या खास मतदारसंघात दुसरे मत देऊ शकत असे, आणि दुसऱ्या मतदारसंघात धंद्याची जागा असणाऱ्यालाही जादा मत मिळे. ही पद्धत १९४८ च्या कायद्याने बंद झाली, आणि तिच्याशिवाय झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक होती २३ फेब्रुवारी १९५० ची. भारताची राज्यघटना पूर्णपणे अमलात आली ती २६ जानेवारी १९५० रोजी. म्हणजे प्रत्येक प्रौढ व्यक्तीला एक आणि एकच मत हे तत्त्व दोन्ही देशांत जवळपास एकाच महिन्यात प्रस्थापित झाले. ब्रिटनला त्यासाठी १८३२ पासून शंभराहून अधिक वर्षे टप्प्याटप्प्याने यावे लागले, आणि आपण जात, लिंग, मालमत्ता, साक्षरता यांची कोणतीही अट न घालता ते एका फटक्यात स्वीकारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे घर आता महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले आहे. ज्या देशात स्त्रियांना तेव्हा पुरुषांइतका मताधिकार नव्हता, तिथे शिकलेल्या माणसाने पुढे आपल्या देशासाठी किती दूरचे पाहिले, हे मला त्या घरात उभी असताना पहिल्यांदा नीट उमगले.

पुस्तिकेतल्या एका भागाशी माझे मुळीच जमले नाही, आणि ते इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. साम्राज्याकडून राष्ट्रकुलाकडे झालेली वाटचाल बहुतांशी सुरळीत होती आणि देशांना स्वातंत्र्य बहाल करण्यात आले, असा तिचा सूर आहे. माझे आजोळ जुन्या सातारा जिल्ह्यातले. १९४३ ते १९४६ या काळात तिथे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार गावोगाव न्यायनिवाडे करत होते आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात नौदलाच्या खलाशांनी बंड पुकारले होते. फाळणीत लाखो माणसे मेली आणि त्याहून कितीतरी अधिक बेघर झाली. हे सगळे 'सुरळीत' या एका शब्दात मावत नाही. ही तक्रार माझी एकटीची नाही. २०२० मध्ये दीडशेहून अधिक इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहून गुलामगिरी आणि साम्राज्य यांविषयीचा मजकूर दुरुस्त करण्याची मागणी केली, आणि २०२२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या एका समितीनेही परीक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले. दुसरीकडे, पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय ब्रिटनच्या बाजूने लढले हे त्याच पुस्तिकेत आहे, आणि १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी जेवणाचे पहिले उपाहारगृह काढणाऱ्या पाटण्याच्या दीन महंमद यांची हकिकतही आहे. परीक्षेत पुस्तिकेप्रमाणे उत्तर द्यावे लागते, आणि मी ते दिले. परंतु नागरिक होणे म्हणजे सरकारी पुस्तकातले प्रत्येक वाक्य मान्य करणे नव्हे, आणि ज्या मूल्यांची यादी त्या पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात आहे त्यांत लोकशाही आणि व्यक्तिस्वातंत्र्य ही आहेत.

शासनव्यवस्थेचा भाग त्या मानाने सरळ वाटला, कारण संसदीय पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० सभासद, बहुमताच्या पक्षाचा नेता पंतप्रधान, विरोधी पक्षाचे छाया मंत्रिमंडळ, निःपक्षपाती सभापती. फरक आहे तो एका ग्रंथात लिहिलेली राज्यघटना नसण्याचा, आणि तो समजायला मला वेळ लागला. आपल्याकडे संसदेचा कायदा घटनेशी विसंगत असेल तर सर्वोच्च न्यायालय तो रद्द करते. इथे संसदेने केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकत नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना वेगवेगळे अधिकार असल्यामुळे कोणता विषय कोणाकडे, हे नीट लक्षात ठेवावे लागते, विशेषतः शिक्षण, आरोग्य आणि न्यायव्यवस्थेबाबत. साधे उदाहरण द्यायचे तर फौजदारी खटल्यात इंग्लंडमध्ये बारा ज्युरर बसतात आणि स्कॉटलंडमध्ये पंधरा.

परीक्षेच्या दिवशी ज्ञानापेक्षा ओळखीची तपासणीच अधिक काटेकोर असते. नोंदणी करताना जे ओळखपत्र दिले तेच मूळ स्वरूपात आणावे लागते आणि त्यावरचे नाव अक्षरशः जुळावे लागते. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लावण्याची रीत असल्यामुळे मराठी अर्जदारांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पासपोर्टवर 'दिलेले नाव' या रकान्यात दोन्ही नावे असतात आणि नोंदणीत एकच लिहिले तर दारातूनच परत जावे लागू शकते. फोन, घड्याळ, पिशवी सगळे कुलपाच्या कपाटात ठेवले, बाह्या वर करून दाखवल्या, केस कानामागे घेऊन कान दाखवले, चष्मा काढून त्याच्या काड्या तपासू दिल्या. माझ्या शेजारी माझ्या आईच्या वयाच्या एक बाई होत्या, त्या ओठांतल्या ओठांत सालांची उजळणी करत होत्या. प्रश्न चार तऱ्हेचे असतात : चारांतून एक निवडा, चारांतून दोन निवडा, विधान बरोबर की चूक, आणि दोन विधानांतले बरोबर कोणते. उत्तीर्ण झाल्यावर एक संदर्भक्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा, कारण पुढच्या अर्जांत तोच भरायचा असतो.

आयएलआर मिळाल्यावर, मी अर्ज केला तेव्हाच्या नियमांनुसार, एक वर्ष थांबून नागरिकत्वाचा अर्ज करता येत होता. ज्यांचा जोडीदार ब्रिटिश नागरिक आहे त्यांना हे वर्ष थांबावे लागत नाही. अर्जाचा सर्वांत किचकट भाग म्हणजे प्रवासाची यादी. मागच्या पाच वर्षांत देशाबाहेर एकूण ४५० दिवसांपेक्षा जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० पेक्षा जास्त दिवस राहिलेले नसावे, शिवाय अर्ज पोहोचण्याच्या बरोबर पाच वर्षे आधीच्या दिवशी आपण प्रत्यक्ष या देशात असायला हवे. मी जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट उघडून मुंबई विमानतळाचे आगमन-निर्गमनाचे शिक्के एकेक करून वाचले, काही इतके फिकट होते की तारखा विमानाच्या तिकिटांच्या जुन्या ईमेलांवरून पक्क्या कराव्या लागल्या. प्रत्येक शिक्क्यामागे काहीतरी होते : भाचीचे लग्न, वडिलांचे आजारपण, एक गणपती. निदान तीन वर्षांपासून ओळखणारे, नात्यातले नसलेले दोघे जामीनदारासारखे संदर्भ लागतात, त्यांतला एक कोणत्याही देशाचा पण प्रतिष्ठित पेशातला आणि दुसरा ब्रिटिश पासपोर्टधारक. माझ्यासाठी एका शिक्षिकेने आणि समोरच्या घरातल्या निवृत्त गृहस्थांनी सही केली.

मंजुरीचे पत्र आल्यावर तीन महिन्यांच्या आत नागरिकत्व समारंभाला हजर राहावे लागते. असे समारंभ २००२ च्या कायद्याने आणले आणि पहिला समारंभ २६ फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या ब्रेंट टाउन हॉलमध्ये झाला. तिथे राजाशी निष्ठेची शपथ देवाला स्मरून घ्यायची की देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करायची, हे आधीच विचारतात. या साध्या पर्यायामागे चार्ल्स ब्रॅडलॉ यांचा लढा आहे. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निवडून आलेल्या या निरीश्वरवादी सभासदाला शपथेच्या वादामुळे कित्येक वर्षे संसदेत बसू दिले गेले नाही, मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, अखेर १८८६ मध्ये ते आत गेले आणि १८८८ च्या कायद्याने प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना मिळाला. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला मुंबईत आले होते. मी प्रतिज्ञेचा पर्याय निवडला. सभागृहात राजाचे चित्र होते, गळ्यात साखळी घातलेल्या महापौर होत्या, आणि निरनिराळ्या देशांतून आलेले आम्ही सगळे हातातल्या पत्रिकेवरून एकाच वेळी वाचत होतो : या देशाचे हक्क आणि स्वातंत्र्ये मानीन, त्याची लोकशाही मूल्ये जपीन, कायदे पाळीन, नागरिकाची कर्तव्ये पार पाडीन. मी ते मनापासून म्हटले.

त्याच क्षणी माझे भारतीय नागरिकत्व संपले, कारण १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. भारतीय पासपोर्ट जमा करून त्याग-प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मगच ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करता येतो. ओसीआय कार्डावर भारतात हवे तितके दिवस राहता येते, परंतु मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन मात्र नावावर होऊ शकते, त्यामुळे ज्यांच्या घरच्या सातबाऱ्याचे काम अर्धवट आहे त्यांनी हे नियम आधीच जाणकाराकडून समजून घ्यावेत. रद्द केल्याचा शिक्का मारून परत आलेला पासपोर्ट पाहताना मला जमिनीपेक्षा मताचे दुःख अधिक झाले, हे मान्य करते.

मग या नागरिकत्वाने मताच्या बाबतीत मला नवीन काय दिले, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पूर्वी प्राध्यापक राहिलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी निवडून आले, ते प्रजाजन या नात्याने. मी २०२४ मध्ये मत दिले ते त्याच नात्याच्या उरलेल्या धाग्यावर. तो धागा इथल्या वास्तव्याला बांधलेला होता. उद्या मी देश सोडला असता तर हक्कही सुटला असता, आणि संसदेने ती जुनी तरतूद काढून टाकली असती तर माझ्यासारखीला दाद मागायला फारशी जागा नव्हती. ब्रिटिश नागरिकाचे तसे नाही. परदेशी गेल्यावर पंधरा वर्षांनी मत गमावण्याची जुनी मर्यादाही जानेवारी २०२४ पासून उठली आहे. समारंभानंतर मी काउन्सिलच्या निवडणूक कार्यालयाला कळवून मतदार यादीतली राष्ट्रीयत्वाची नोंद बदलून घेतली. आता येत्या मे महिन्यात काउन्सिलची निवडणूक आहे आणि आमच्या वॉर्डात ग्रंथालयाच्या वेळा कमी करण्याचा वाद चालू आहे. उमेदवार दारावर येतील तेव्हा त्यांना विचारायचे प्रश्न मी आणि समोरचे गृहस्थ मिळून लिहून काढत आहोत.